मामा, मावशी आणि भाऊसाहेब

गेल्या आठवड्यात सकाळी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. "बाई, ओळखलंत का?" चौतीस वर्षं शिकवल्यावर हा प्रश्न कुठेही येतो. बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत. खरं सांगायचं तर ओळखलं नव्हतं, पण "ये रे, बस" म्हटलं. डोक्यावरचे केस पिकलेले, आणि मी आपली अरे-तुरे करतेय. पण तोही खूश झाला.

त्याचं काम असं होतं. मुलीला प्रवेशासाठी जात पडताळणी हवी. त्यासाठी त्याच्या वडिलांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा. वडील आमच्याच शाळेत शिकलेले. गडी तीनदा शाळेत जाऊन आला. एकदा ऑफिस बंद, कारण क्लार्क नगरला गेलेले. दुसऱ्यांदा क्लार्क होते, पण ऑनलाइन माहिती भरायचा शेवटचा दिवस, त्यांना मान वर करायला सवड नाही. तिसऱ्यांदा पुन्हा नगरला.

"अरे, मग शिपायाला तरी विचारायचंस, कधी येतील म्हणून."

"शिपाईच नाही बाई. रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. घंटा पण आपोआप वाजते आता."

तो गेला आणि माझ्या डोक्यात ही आपोआप वाजणारी घंटा दिवसभर वाजत राहिली. म्हणून आजचा हा लेख. गेल्या वेळी पंढरपूरच्या वारीबद्दल पुढचा भाग लिहीन म्हटलं होतं, तो नंतर.

आमच्या शाळेत तीन माणसं अशी होती की ज्यांना त्यांच्या नावाने कोणीच हाक मारत नसे. शिपाई होते ते मामा. शिपाईणबाई त्या मावशी. आणि हेडक्लार्क ते भाऊसाहेब. आमच्या नेवासा तालुक्यात तलाठी असो, ग्रामसेवक असो की क्लार्क, लिहिणारा माणूस म्हणजे भाऊसाहेब! सरकारी भाषेत या तिघांना एकच शब्द आहे, 'शिक्षकेतर'. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं माझं, तरी या शब्दातली गंमत (गंमत कसली, बोचच) निवृत्त झाल्यावर लक्षात आली. माणूस काय करतो ते यात नाहीच. तो काय नाही, एवढंच आहे. शेतकऱ्याला कोणी 'व्यापारेतर' म्हणतं का?

पहिल्यांदा भाऊसाहेबांबद्दल सांगते.

मी १९७५ साली नोकरीला लागले तेव्हा ऑफिस म्हणजे एक लाकडी कपाट, दोन टेबलं आणि लाल कापडात बांधलेली रजिस्टरं. त्यातलं सगळ्यात मोठं ते जनरल रजिस्टर. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. एकेका मुलाला एकेक ओळ. आम्ही शिक्षक त्या मुलाला पाच-सहा वर्षं शिकवायचो आणि विसरायचो. त्या ओळीला मात्र विसरायची परवानगी नव्हती.

तेव्हा मला ते कारकुनी काम वाटायचं. मोल कळलं ते फार उशिरा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे नातीचं इंजिनियरिंग किंवा मेडिकल हे आजोबांच्या शाळेतल्या क्लार्कने किंवा गुरुजींनी त्या रकान्यात काय लिहिलं यावर! २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं पानं उलटून पाहिली गेली. काही मोडीत लिहिलेली, ती वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. ज्यांनी ती लिहिली त्यांची नावं कोणाला ठाऊक? अक्षर तेवढं मागे उरलं.

आमच्या पिढीत गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून कसा, हे तरुण वाचकांना कोडं वाटेल. आईबापांना तारीख सांगता येत नसे. "दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या सुमाराला" असलं काहीतरी उत्तर यायचं. मग शाळेत नाव घालताना वयाचा हिशोब जुळवून १ जून टाकली जायची. ती तारीख पुढे त्या माणसाला नोकरीत चिकटायची, पेन्शनला चिकटायची. आमचे भाऊसाहेब मात्र पाचवीला नवीन मूल आलं की बापाला खुर्चीत बसवून घ्यायचे आणि खोदून खोदून विचारायचे. दाखल्यावर 'दत्तु' आणि बाप म्हणतो 'दत्तात्रय', तर आधी कुठलं खरं ते मिटवायचे. "बाई, आत्ता दहा मिनिटं गेली तर गेली. नाहीतर हा पोरगा पुढं दहा वर्षं कोर्टकचेरी करंल," असं म्हणायचे. दहावीचे फॉर्म पुण्याच्या बोर्डाला पाठवायच्या आधी प्रत्येक मुलाला समोर उभं करून त्याचं नाव त्यालाच वाचायला लावत. मुलं कंटाळायची. आम्हीही म्हणायचो, "काय हा घोळ!"

आणि आमच्याकडचा खास प्रश्न म्हणजे उसाचा. सोनईला मुळा कारखाना. बॉयलर पेटला की बीड, पाथर्डीकडून तोडीच्या टोळ्या यायच्या, कोप्या पडायच्या. बरोबर पोरं. त्यातलं एखादं आठवी-नववीचं. त्याच्याजवळ दाखला कुठला? नियमाने दाखल्याशिवाय प्रवेश नाही. भाऊसाहेब त्याला तात्पुरतं बसवून घ्यायचे आणि त्याच्या गावच्या शाळेला स्वतः कार्ड टाकायचे. एक कार्ड, उत्तर नाही आलं तर दुसरं, मग तिसरं. आता शिक्षणहक्क कायदा आहे, दाखला नाही म्हणून आठवीपर्यंत मुलाला परत पाठवता येत नाही. पण तो कायदा २००९ चा. त्याआधी पोस्टकार्डावर हा कायदा चालवणारी अशी माणसं होती.

माझ्या बाबतीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७९ सालच्या माझ्या बाळंतपणाच्या रजेची नोंद सेवापुस्तकात होती, पण तिच्यावर मुख्याध्यापकांची सही राहून गेली होती. मला पत्ताच नाही! भाऊसाहेब स्वतः निवृत्त व्हायच्या आधीच्या महिन्यात एकेकाचं सेवापुस्तक घेऊन बसले. त्यात त्यांना ते दिसलं. तेव्हाचे मुख्याध्यापक दुसऱ्या गावी जाऊन राहिले होते. भाऊसाहेब एस.टी.ने घोडेगाव, तिथून पुढच्या गाडीने नगर, तिथून त्यांचं गाव, असं करत जाऊन पत्र घेऊन आले, नोंद नियमित करून घेतली आणि मला नंतर सांगितलं, तेही सहज, चहा पिताना. २००९ साली माझी पेन्शनची केस मुंबईला महालेखापालांकडे गेली आणि एकही शेरा न येता मंजूर झाली. माझ्या एका मैत्रिणीची तसल्याच एका नोंदीसाठी दीड वर्ष अडकली होती. दर महिन्याला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा मला ते आठवतात.

सगळेच क्लार्क असे होते असं मी म्हणणार नाही. दाखल्यासाठी चार चकरा मारायला लावणारे, 'चहापाण्याचं' बघा म्हणणारे मीही पाहिले आहेत. शिक्षकांतही न शिकवणारे पाहिले आहेत. पण वाईट शिक्षक आहेत म्हणून शिक्षकाची जागाच रद्द करा, असं आजवर कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आता मामा.

मामा सकाळी साडेसहाला कुलूप काढत. शेजारी शिंगणापूरला घरांना दारं नाहीत, पण आमच्या शाळेला कुलूप आणि रात्रीचा पहारा दोन्ही लागायचे! झाडणं, रांजण भरणं, फळे पुसणं, खडू वाटणं, नोटीस वही घेऊन वर्गावर्गात सह्या घेणं, टपाल, बँक. घंटा म्हणजे रेल्वे रुळाचा तुकडा, झाडाला टांगलेला. तासाचे टोल वेगळे, मधल्या सुट्टीचे वेगळे, शाळा सुटल्याचे वेगळे. आजूबाजूच्या वस्तीवरच्या बाया मामांच्या घंटेवर भाकरी टाकायच्या.

पूर्वी चाचणी-सहामाहीचे पेपर शाळेतच निघत. भाऊसाहेब स्टेन्सिल कापायचे आणि मामा सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचे. दोघांचे हात कोपरापर्यंत शाईने काळे. खोली बंद. मामांची स्वतःची मुलगी त्या वर्षी नववीत होती. तिला मी मराठीत अठ्ठेचाळीस मार्क दिले, आणि तेवढेच तिला पडायला हवे होते. बापाच्या हातून पेपर छापला जात होता, तरी. प्रामाणिकपणावर मी वर्गात किती निबंध लिहून घेतले असतील... त्यांतल्या एकातही मामा आले नाहीत.

पंधरा ऑगस्टला दोरी ओढली की फुलं पडतात आणि झेंडा फडकतो. ती गाठ बांधायची असते बरं का! सैल बांधली तर आधीच सुटते, घट्ट बांधली तर दोरी ओढून सुटत नाही. मामा आदल्या संध्याकाळी दोनतीनदा करून बघत. एका वर्षी रात्री पाऊस पडला, दोरी फुगली आणि सगळ्या गावासमोर झेंडा अडकला. मुख्याध्यापक पाहुण्यांदेखत मामांवर ओरडले. तितकी वर्षं तो नीट फडकला तेव्हा टाळ्या कोणाला मिळाल्या होत्या, हे त्या दिवशी कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि मावशी. मुलींची संख्या वाढली तेव्हा त्यांची नेमणूक झाली. कागदावर काम पाणी आणि साफसफाई. खरं काम वेगळंच. वर्गात एखादी मुलगी एकदम गप्प होऊन बाकाला चिकटून बसली की आम्हा बायकांना कळायचं. पण आम्ही तासावर, आणि पुढे पुरुष शिक्षकाचा तास. मावशी यायच्या, आपली जुनी ओढणी त्या पोरीच्या कमरेला बांधायच्या आणि तिला घेऊन जायच्या. त्यांच्या पेटीत धुतलेलं सुती कापड कायम घडी करून ठेवलेलं असे. "काही नाही गं, घाबरू नको, मला पण होतं, बाईंना पण होतं," हे त्यांचं वाक्य. शरीरशास्त्राचा तो धडा आमच्याकडे बहुतेक जण "घरी वाचून या" म्हणून सोडून देत. तो धडा शाळेत खरोखर शिकवला असेल तर सातवी पास मावशींनी. मावशी नसत्या तर कितीतरी मुली त्या दिवशी घरी गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या, याची मला खात्री आहे.

हे सगळं वाचून माझा पुण्याचा भाचा म्हणेल (आणि तो म्हणतोच!), "आत्या, एवढे मोठे शिक्षक, त्यांना पाण्याचा ग्लास आणून द्यायला माणूस कशाला लागतो? ही सरंजामी पद्धत गेली तर बरंच." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुख्याध्यापकांच्या घरची भाजी मामा आणत. पावसाळ्यात माझं दळणही त्यांनी गिरणीतून आणून दिलंय आणि मी ते घेतलंय. त्यांच्या पगारात ते काम नव्हतं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहांत मुलं स्वतः झाडत, स्वयंपाक करत. तसं सगळेच झाडत असतील तर माझी काहीच तक्रार नाही. पण आमच्याकडे झाडणारे वेगळे होते आणि श्रमप्रतिष्ठेवर भाषण करणारे वेगळे.

यापुढचं लिहू की नको, असं दोन दिवस झालं. लिहितेच.

शाळेतले संडास साफ करायला गावातून एक जण येत. मेहतर समाजाचे. आमच्या शिक्षकखोलीत चहा यायचा तेव्हा त्यांनाही मिळायचा, पण त्यांचा कप वेगळा. कान तुटलेला, बाहेरच्या खिडकीत ठेवलेला. ते स्वतःच धुऊन परत तिथेच ठेवत. मी आत बसून जोतीराव फुल्यांवरचा धडा काढत असे आणि तो कप मला समोर दिसत असे. पंचवीस वर्षांत मी एकदाही उठून म्हटलं नाही की हा कप आत घ्या. पुढे कागदी कप आले, सगळ्यांना सारखे, प्यायचे आणि फेकायचे. खिडकीतला कप गेला. तो आम्ही काढला नाही, तो बाजाराने काढला.

१ जानेवारी २०१३ ला आमच्या सोनईच्या शिवारात तीन तरुणांचे खून झाले. तिघेही मेहतर समाजाचे, नेवासा फाट्याकडच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करणारे. त्यांच्यातल्या एकाचं वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीवर प्रेम होतं, एवढं कारण. २०१८ च्या जानेवारीत नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून गावाचं नाव सांगितलं की बाहेरचे लोक क्षणभर थांबतात. खून करणारे ते आणि मी यांत फरक आहे, हे मला कळतं. पण ज्याला आपण रोज पाहतो आणि माणूस म्हणून मोजत नाही, त्याची सुरुवात कुठे होते, असं स्वतःला विचारलं की मला तो खिडकीतला कप दिसतो. असो.

आता मुद्द्याकडे. ११ डिसेंबर २०२० ला सरकारने निर्णय काढला. खाजगी अनुदानित शाळांतली शिपाई वगैरे चतुर्थश्रेणीची पदं, आहेत ती माणसं निवृत्त होतील तशी संपणार, आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता. ग्रामीण भागासाठी महिना ५००० रुपये. सव्वीस दिवसांचे धरले तर रोजाला दोनशे रुपयेही पडत नाहीत. आमच्याकडे कांदा खुरपायला जाणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त रोज घेते. त्याआधी २८ जानेवारी २०१९ च्या निर्णयाने क्लार्क, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक यांची पदं विद्यार्थिसंख्येवर बांधली गेली. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली कायदा झाला, त्यात शिक्षक आणि शिक्षकेतर दोघेही एकाच छताखाली आले होते. नोकरीची शाश्वती दोघांना. त्या छतातून एकाला असं हळूच बाहेर काढलं गेलं आणि आम्ही शिक्षक फारसं काही बोललो नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पाच हजारांत घंटा वाजवणारा मिळेल, पण वर्षाने निघून जाईल. त्याला मुलांची नावं कळायच्या आत. पेपर छापताना स्वतःच्या मुलीला न सांगणारा माणूस कंत्राटावर मिळेलही, पण तो तसा राहावा अशी आपली अपेक्षा कुठल्या तोंडाने? आणि मुलींच्या शाळेत, मुलामुलींच्या शाळेत, एक कायमची मावशी हवीच हवी. हा खर्च पाण्याच्या ग्लासाचा नाही, मुलींच्या शिक्षणाचा आहे.

भाचा म्हणतो, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. हो, आहे. पगार शालार्थवर, मुलांची माहिती सरल आणि यू-डायसवर, आधार जुळलं तर मूल संचमान्यतेत धरलं जातं. पण ते भरतं कोण? एकच क्लार्क, आणि तो नगरला गेला की शिक्षक वर्ग सोडून. नाव चुकीचं टाइप झालं तर कॉम्प्युटर बापाला खुर्चीत बसवून विचारत नाही. पूर्वी एक चूक एका रजिस्टरमध्ये राहायची, आता ती एका क्षणात सगळीकडे जाते.

त्या गृहस्थाचं काम शेवटी झालं. मी फोन केला, क्लार्क तरुण आहे, माझ्याच विद्यार्थ्याचा मुलगा. "बाई, संध्याकाळी शाळा सुटल्यावर थांबतो, तुम्ही पण या" म्हणाला. मी गेले. लाल कापड सोडलं, कागदाच्या कडा हातात तुटत होत्या. १९६५ च्या जूनची नोंद, मी नोकरीला लागण्याच्या दहा वर्षं आधीची. निळी शाई, एकही खाडाखोड नाही. तो त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला, कारण त्याच्या वडिलांचं नाव इतकं नीट लिहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. क्लार्कने रात्री आठला उतारा हातात दिला. त्याचा त्याला जादा पगार नाही.

मामांचं पूर्ण नाव मला त्यांच्या निरोप समारंभाच्या पत्रिकेत कळलं. एकोणीस वर्षं एकत्र काम केल्यावर. मावशींचं तर तेव्हाही कळलं नाही, कारण पत्रिकेतही 'मावशी' असंच छापलं होतं. मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "आता कशाला हो बाई?" पण सांगितलं. इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

तुम्हा वाचकांना एवढंच विचारते. तुमच्या शाळेतल्या मामांचं नाव तुम्हाला आठवतं का? नसेल आठवत तर गावी गेलात की विचारून या. बहुतेक जण अजून तिथेच असतात, शाळेच्या आसपास.